सौ. आणि दोनशे गोळ्या

आमच्या घरात कुकरचं रबर कधीच कंपनीचं नव्हतं. शिट्टीही नव्हती. मिक्सरचं भांडं, गाडीचे वायपर, प्रिंटरची शाई, माझ्या चष्म्याच्या काड्या, सगळं 'कंपनीच्या तोडीचं'. हा शब्द माझ्या नवऱ्याचा. डुप्लिकेट म्हटलेलं त्याला खपत नसे. न्यू जर्सीला लेकीकडे गेलो की तिथल्या आयसेलिन गावातल्या देशी दुकानांत मी साड्या बघायचे आणि तो कुकरची रबरं ताणून बघायचा.

"काका, ओरिजिनल घ्या ना," दुकानदार म्हणायचा.

"ओरिजिनल किती शिट्ट्या टिकेल ते सांगता येतं तुम्हाला? नाही ना? मग हेच द्या. मी घरी मोजतो."

आणि तो खरंच मोजायचा. जन्मभर त्यानं ह्यूस्टनमध्ये पाइपलाइनचे व्हॉल्व्ह तपासले होते. व्हॉल्व्ह दोनशे वेळा बिनतक्रार उघडला आणि मिटला की पास. मध्ये एकदा जरी अडला तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. त्यावर कुठल्या कंपनीचा शिक्का आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसे. लग्नाआधी मला मात्र त्यानं एकदाच पाहिलं होतं, तेही चाळीस मिनिटं, आणि होकार कळवला होता. दोनशे वेळा बघायची सोय तेव्हा नव्हती.

तो फेब्रुवारीत गेला. दुपारी जेवून पडला, तो उठला नाही. लेक न्यू जर्सीहून आली, तीन आठवडे राहिली, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या घरातले फ्रिजपासून बँकेपर्यंतचे सगळे पासवर्ड तिनं एका कागदावर लिहून दिले आणि निघताना एकच गोष्ट तीनदा सांगितली.

"आई, बाबांची गन घरात नको. आय मीन इट. समर संपायच्या आत कुणाला तरी देऊन टाक."

पिस्तूल त्यानं निवृत्तीनंतर घेतलं होतं. कॉलेजात एनसीसीत असताना त्यानं रायफल चालवली होती आणि त्याबद्दल तो आयुष्यभर, विचारलं नाही तरी, सांगत आला होता. ऑफिसातल्या दोघातिघांनी त्याला इथल्या नेमबाजीच्या रेंजवर नेलं, आणि मग दर बुधवारी सकाळी चाळीस मिनिटं गाडी चालवत जायचं, कागदावरच्या वर्तुळांवर गोळ्या झाडायच्या आणि जेवायला घरी, असा नेम लागला. मी कधी गेले नाही. मी लायब्ररीतली बाई. आधी पुण्याला कॉलेजच्या ग्रंथालयात, मग इथे गावच्या. जिथे मोठा आवाज झाला की लोकांनी वळून बघावं, अशाच जागी माझी उमर गेली.

कपाटातली पेटी मी उघडली ती एप्रिल संपताना. पिस्तूल कुलूपबंद डब्यात, किल्ली चहाच्या जुन्या बरणीत. पण पेटीत सगळ्यांत वर एक वही होती, आणि वही दिसली की मी आधी वही उघडते.

वही मॅगझिनांची होती. मॅगझिन म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत खालून सरकवायची गोळ्यांची पेटी. पत्र्याची उभट नळी, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर प्लास्टिकचा चिमुकला पाट. त्या पाटावर पंधरा गोळ्या एकीवर एक बसतात. वरची उडाली की स्प्रिंग खालची वर ढकलते. पिस्तूल कितीही नामांकित असो, ही पेटी अडली की सगळं अडतं. पिस्तुलाबरोबर त्याच कंपनीची दोन मॅगझिनं मिळाली होती. वहीत त्यांचं नाव होतं 'जावई', आणि पुढे शेरा: "महाग. डबीतच ठेवायची. काम सांगायचं नाही."

बाकीची पाच त्यानं बाहेरून घेतली होती. अर्थातच कंपनीच्या तोडीची. प्रत्येकाच्या बुडाला पांढऱ्या रंगानं एकेक नातं लिहिलं होतं. 'मावसभाऊ' हा सगळ्या गोळ्या नीट झाडायचा, पण खटका दाबला तरी खाली पडायचा नाही. "आला की जात नाही. धरून ओढावा लागतो." 'आत्या'चे वरचे ओठ, म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडा, जरा फाकलेले होते, त्यामुळे कधीकधी दोन गोळ्या एकदमच बाहेर यायला बघायच्या. "एक वाक्य संपायच्या आत दुसरं." 'मेहुणे' दहा गोळ्यांपर्यंत उत्तम, पंधरा भरल्या की ढिम्म. "पोट भरलं की काम बंद." 'धाकटी वहिनी' दोनशे गोळ्यांत एकदाही अडली नव्हती, तिच्यापुढे फक्त "पास" एवढं होतं, बाकी एक शब्द नाही. बिचारीचं घरातही असंच असतं.

मी मोठ्यानं हसले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. मग पान उलटलं आणि पाचवं नाव आलं: 'सौ.'

आमच्याकडे नवरा बायकोबद्दल लिहितो तेव्हा नाव न लिहिता नुसतं सौ. लिहितो. म्हणजे ही मी. पान असं होतं. पहिल्या अकरा ओळी निळ्या पेनानं: पंधरा, ठीक, पंधरा, ठीक, असं एकशे पासष्ट गोळ्यांपर्यंत. त्यापुढे, बहुधा पेन संपलं असावं, पेन्सिलीनं: "बाराव्या गोळीला अडली. पुन्हा शून्यापासून." पुढच्या बुधवारी, "बाराव्यालाच." मग "पुन्हा बाराव्याला. हिचं काय बिनसलंय?" आणि शेवटची ओळ जानेवारीतली. "उघडून बघायला हवी." त्यापुढे कोरं.

पुस्तक अर्धवट राहिलं तर मला चालतं. शेरा अर्धवट राहिला तर चालत नाही. आणि हा शेरा तर माझ्याच नावावर होता. तेराव्यानंतर जी पत्रं आली त्यांवर माझ्या नावाआधी सौ. नव्हतं, श्रीमती होतं. तेही मी निमूट घेतलं होतं. पण सौ. म्हणून जी काही होते ती 'बाराव्याला अडणारी' म्हणून वहीत कायमची राहणार, हे काही मला सहन होईना. लेकीला फोन केला.

"पिस्तूल देते, पण एक मॅगझिन पास झाल्यावर."

"व्हॉट? आई, पास म्हणजे?"

"दोनशे गोळ्या. न अडता."

"कोण मारणार?"

"मी."

मग ती म्हणाली, "आई, तू बर्थडेला फुगे फुटले की किचनमध्ये जायचीस."

पुढच्या बुधवारी मी पेटी घेऊन रेंजवर गेले. काउंटरवर एक उंच म्हातारा होता, पांढऱ्या मिशा, खांद्यावर पट्ट्यांची विजार. त्यानं पेटी ओळखली आणि डोक्यावरची टोपी काढून काउंटरवर ठेवली. सहा वर्षं हे दोघे शेजारच्या लेनमध्ये उभे राहत. तो अर्थात इंग्रजीत बोलायचा, टेक्सासचा लांबलचक हेल काढत, पण मला ते सगळं आता मराठीतच आठवतं.

"मॅम, तुमच्या नवऱ्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही. मी सांगायचो, बाहेरची मॅगझिनं कागदावर नेम धरायला ठीक, पण जिवावर बेतलं तर कंपनीचंच हवं. तो म्हणायचा, कंपनीवर माझा विश्वास नाही, मोजणीवर आहे."

मी 'सौ.' त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती बुडाकडून उलटी केली, रंगानं लिहिलेलं अक्षर पाहिलं आणि हसला.

"ही होय. हिला मी कधीच कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही. बरं, निदान उघडून तरी बघ म्हटलं. तर म्हणे, ही बायको आहे, तिला विचारल्याशिवाय कशी उघडू?"

"मग विचारलं का नाही मला?"

"तेही मी म्हटलं. तर म्हणाला, विचारायचं तर नाव काय ठेवलंय ते सांगावं लागेल."

म्हणजे जो माणूस घड्याळ, रेडिओ आणि एकदा माझं शिवणयंत्रही न विचारता उघडून बसला होता, तो या पत्र्याच्या नळीपुढे चार महिने अदबीनं उभा होता.

त्या दिवशी म्हाताऱ्यानं मला उभं कसं राहायचं ते शिकवलं. दोन्ही हातांनी मूठ घट्ट, कोपर सैल, बोट चापावर अगदी शेवटी. कानांवर मोठे टोप, डोळ्यांवर माझ्या चष्म्यावरून आणखी एक चष्मा. गळ्याशी बंद ब्लाउज घालायला त्यानं सांगितलं नव्हतं, ते मला तिसऱ्या गोळीला कळलं, झाडलेल्या गोळीची गरम पितळी पुंगळी उडून थेट गळ्यातून आत गेली तेव्हा. मी जे काही ओरडले ते मराठीत होतं म्हणून बरं. म्हाताऱ्यानं नजर छताकडे वळवली आणि म्हणाला, "पहिल्या दिवशी सगळ्यांना हा आशीर्वाद मिळतो, मॅम."

बाराव्या गोळीला 'सौ.' अडली. टक् असा पोकळ आवाज, आणि पुढे काही नाही.

"आता तुमची परवानगी आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"उघडा," मी म्हटलं.

त्यानं पिस्तूल रिकामं करून बाजूला ठेवलं, एका टोचणीनं मॅगझिनच्या बुडाची पट्टी सरकवली, स्प्रिंग अलगद बाहेर ओढली आणि नळी पांढऱ्या कागदावर आपटली. कागदावर थोडी काळी धूळ पडली. मग पुन्हा आपटली. एक दाणा टपकला.

लालसर, तेलकट, टोकाशी काळवंडलेला. म्हाताऱ्यानं तो चिमट्यात धरून दिव्याकडे नेला. बराच वेळ बघितला. मग अगदी हळू, जणू तो दाणा ऐकेल, अशा आवाजात म्हणाला, "मॅम, हा तांदूळ आहे?"

मी खुर्चीवर बसले.

तांदूळच होता. कुंकू लावलेला. म्हणजे अक्षता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याच्या हातात जे हत्यार असेल ते. आमच्या पाटावर दरवर्षी त्याचे नट आवळायचे पाने, मल्टिमीटर, आमचे लॅपटॉप, माझा लायब्ररीचा जुना शिक्का आणि अलीकडे रिकामं पिस्तूल. मागच्या वर्षी त्यानं पिस्तुलाशेजारी एक मॅगझिन उभं करून ठेवलं होतं. कुठलं ते मी पाहिलं नव्हतं. त्यानं फुलं वाहिली, मी हळदकुंकू लावलं आणि अक्षता टाकल्या. भरपूर टाकल्या. लग्नात टाकतात तशा, लांबून, मूठभर.

मी वही काढून तारखा पाहिल्या. एकशे पासष्टावी गोळी दसऱ्याच्या आधीच्या बुधवारची. पहिली अडचण दसऱ्यानंतरच्या बुधवारची. त्याच्या इतक्या जवळ, एका पानावर, सगळं लिहिलेलं होतं.

मी म्हाताऱ्याला समजावलं. हत्यारांची पूजा, कुंकू, तांदूळ, आशीर्वाद. तो मान डोलावत ऐकत होता. मग त्यानं नळीच्या बाजूची भोकं दाखवली. आत किती गोळ्या उरल्या ते दिसावं म्हणून प्रत्येक मॅगझिनला अशी भोकं असतात.

"कंपनीच्या मॅगझिनची भोकं बारीक असतात. हिची मोठी पाडलीत. तिथून दाणा आत गेला आणि पाट वर सरकताना बरोबर एका जागी अडकायचा." त्यानं मिशीवरून हात फिरवला. "बनवणाऱ्यांनी वाळू टाकून बघितली असेल. चिखल टाकून बघितला असेल. तांदूळ कुणी टाकून बघत नाही, मॅम."

घरी जाताना गाडीत मी आधी हसले आणि मग हायवेवरून उतरून एका पेट्रोल पंपाशी गाडी थांबवावी लागली. चार महिने हा माणूस दर बुधवारी तिथे जाऊन माझ्याच नावाच्या वस्तूवर चिडत होता, आणि अडथळा मीच टाकला होता, तोही आशीर्वाद म्हणून.

मोजणी शून्यापासून सुरू झाली. दर बुधवारी तीस गोळ्या, त्याहून जास्त माझ्या मनगटांना झेपत नसत. गोळ्या भरताना स्प्रिंग इतकी जोर करायची की अंगठ्याला घट्टा पडला. लायब्ररीत पन्नास वर्षं पानं उलटून जे बोट मऊ राहिलं होतं ते सात आठवड्यांत गवंड्याचं झालं. दोन मॅगझिनांच्या मध्ये मी खुर्चीत बसून पुस्तक वाचायचे. म्हातारा येणाऱ्यांना हळूच सांगायचा, "चार नंबरच्या लेनजवळ आवाज करू नका, मॅम वाचतायत." रेंजवर. लोक बिचारे खरंच बिचकून थांबायचे.

लेकीला दर बुधवारी आकडा कळवायचे.

"साठ."

"ओके. अँड यू आर ओके?"

"टार्गेटला अजून एकही लागली नाही. पण ती परीक्षा मॅगझिनची आहे, माझी नाही."

"आई, बाबा असते तर एक्सेल केलं असतं याचं."

"त्यांची वही आहे. पुरे."

जून संपत आला. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. सातव्या बुधवारी माझ्या एकशे ऐंशी झाल्या होत्या. पहिल्या पंधरा नीट गेल्या. एकशे पंचाण्णव. उरलेल्या पाच भरल्या. एक. दोन. आणि तिसरीला टक्.

मी पिस्तूल समोर धरूनच उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि दोन चष्म्यांच्या आत हात घालता येत नव्हता. म्हातारा मागून आला, त्यानं पिस्तूल काढून घेतलं, अडलेली पुंगळी बघितली.

"हात, मॅम. मॅगझिन नाही. मनगट सैल पडलं तुमचं, म्हणून स्लाइड, हा वरचा सरकता भाग, पुरती मागे गेली नाही. गोळी तिनं बरोबर वर दिली होती. हे बघा."

"पण अडली ना?"

"अडली."

"मग शून्य?"

"ते मला नाही ठाऊक. नियम तुमच्या नवऱ्याचे."

मी वही उघडली. पहिल्या पानावर नियम नव्हते, ते मी आधीच बघितलं होतं. शेवटून उलटली. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, रेंजची एक जुनी पावती चिकटवली होती तिच्याखाली, त्याचं बारीक अक्षर होतं. दोनच ओळी. "हाताची चूक मालाच्या नावावर लिहायची नाही. कारण कळेपर्यंत पेन्सिल, कळल्यावर पेन."

मी पुन्हा मागची पानं चाळली. मावसभाऊ, आत्या, मेहुणे, सगळ्यांचे दोष निळ्या पेनानं. त्यांची कारणं त्याला सापडली होती. पेन्सिलीनं लिहिलेलं पान वहीत एकच होतं. त्याचं पेन संपलेलं नव्हतं.

"काय म्हणतोय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"म्हणतोय, मनगट घट्ट धर."

म्हाताऱ्यानं अडलेली गोळी काढून बाजूला ठेवली, तिच्या जागी नवी दिली. मी तीन गोळ्या झाडल्या. तिसरी कागदाच्या कोपऱ्याला लागली, टार्गेटच्या वर्तुळापासून हातभर दूर, पण कागदाला लागली. म्हाताऱ्यानं तो कागद गुंडाळी करून मला दिला. मी त्याच्याकडून पेन मागून घेतलं आणि पेन्सिलीच्या ओळींपुढे लिहिलं: "कारण: अक्षता." त्याखाली: "दोनशे. पास." त्याच्या अक्षराखाली माझं अक्षर जरा मोठं दिसत होतं.

पिस्तूल त्या म्हाताऱ्यानंच घेतलं, रीतसर कागद करून. त्याबरोबर मॅगझिनंही गेली. मी त्याला एकेकाचा स्वभाव सांगितला. मावसभावाला ओढून काढायचं, मेहुण्यांना दहाच्या वर वाढायचं नाही, आत्येला मध्ये तोडायचं नाही. तो एका कागदावर इंग्रजीत लिहून घेत होता.

"आणि ही?" त्यानं 'सौ.'कडे बोट दाखवलं.

"ही माझ्याबरोबर येईल."

या वर्षीच्या खंडेनवमीला पाट मांडला तेव्हा लेक व्हिडिओवर होती. पाटावर पाने, मल्टिमीटर, लॅपटॉप, शिक्का, ती वही आणि वहीवर 'सौ.' उभी. झेंडूची फुलं वाहिली. अक्षतांची वाटी हातात घेतली.

"आई! राइस? अगेन?"

"थांब जरा," मी म्हटलं.

घरात पिस्तूल नव्हतं. गोळ्या नव्हत्या. आता आत मूठभर तांदूळ गेला असता तरी अडणार काही नव्हतं. तरी मी ड्रॉवर उघडून पुस्तकांची फाटकी पानं चिकटवायची पारदर्शक टेप काढली, मॅगझिनच्या बाजूची भोकं एकेक करून बंद केली, वरच्या तोंडावर एक झेंडू आडवा ठेवला, आणि मग अक्षता टाकल्या. लांबून, मूठभर.